गाडीत ओपन सोर्स: कुठे हात घालायचा आणि कुठे नाही

गाडीसाठी ओपन सोर्स सॉफ्टवेअर (ज्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर, खुला असतो) चांगलं की वाईट, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही, कारण गाडीत कॉम्प्युटर एक नसतो. साध्या गाडीतसुद्धा स्क्रीनचं युनिट वेगळं, इंजिनाचं वेगळं, ब्रेकचं वेगळं, दारं-दिव्यांचं वेगळं. स्क्रीनचं युनिट अडकलं तर गाणी थांबतात. ब्रेकचं अडकलं तर गाडी नीट थांबेल याची खात्री नाही. म्हणून फायदे-तोट्यांचा हिशेब युनिटागणिक वेगळा मांडावा लागतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सोर्स कोड वाचायला मिळणं आणि तो बदलून आपल्या गाडीत घालता येणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक वाद या दोन्हींची गल्लत झाल्यामुळे होतात.

तुमच्या गाडीत आधीच काय आहे ते बघा

स्क्रीनवर सेटिंग्जमध्ये जा आणि ‘अबाउट’ किंवा ‘लीगल’ खाली ओपन सोर्स लायसन्सची यादी शोधा. गेल्या काही वर्षांतल्या गाडीत ती बहुधा सापडतेच. तिच्यात लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), बिझीबॉक्स, ब्लूटूथसाठी ब्लूझेड, व्हिडिओसाठी जीस्ट्रीमर अशी नावं दिसतील. ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स हा प्रकल्प लिनक्स फाउंडेशनने २०१२ मध्ये सुरू केला आणि अमेरिकेत टोयोटाने २०१८ च्या कॅमरीत त्यावर उभारलेली स्क्रीन दिली. अँड्रॉइड ऑटोमोटिव्ह २०२० मध्ये पोलस्टार २ या गाडीतून रस्त्यावर आलं. अँड्रॉइड ऑटो मात्र वेगळं: तिथे सगळं काम फोन करतो, गाडीची स्क्रीन फक्त चित्र दाखवते. अँड्रॉइड ऑटोमोटिव्हमध्येही पाया खुला असला, तरी त्यावरचे गूगलचे नकाशे आणि ॲप स्टोअर बंदिस्तच आहेत.

यादीत आवृत्त्यांचे आकडे असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा. कर्नलचा आकडा विशेष बघा, कारण ओपन सोर्सचा सगळ्यात मोठा व्यावहारिक तोटा तिथेच दिसतो. लिनक्सच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना साधारण दोन ते सहा वर्षं दुरुस्त्या मिळतात. गाडी आरामात पंधरा वर्षं चालते. मधली वर्षं कोण भरून काढणार, हे गाडी बनवणाऱ्यावर अवलंबून असतं. २०१६ मध्ये टेन्सेंट या चिनी कंपनीच्या कीन सिक्युरिटी लॅबने टेस्ला मॉडेल एस दुरून ताब्यात घेऊन दाखवली. त्यांनी ब्राउझरमधल्या वेबकिट या जुन्या भागातून आत शिरून २.६.३६ या कर्नलमधल्या दोषाचा फायदा घेतला. तो दोष २०१३ पासून जाहीर होता आणि मूळ प्रकल्पाने दुरुस्तही केला होता. दुरुस्ती गाडीपर्यंत पोचली नव्हती, एवढंच. कळवल्यानंतर टेस्लाने दहा दिवसांत अपडेट पाठवलं, हेही सांगायला हवं. खुल्या कोडमध्ये दोष जगासमोर जाहीर होतो. ज्याच्या गाडीत दुरुस्ती आलेली नाही, त्याचा पत्ताही त्याच वेळी जाहीर होतो.

बंदिस्त कोड यापेक्षा सुरक्षित असतो असंही नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या सुरक्षा संशोधकांनी चालती जीप चेरोकी मोबाइल नेटवर्कवरून नियंत्रणात घेतली. त्या स्क्रीनची ऑपरेटिंग सिस्टिम क्यूएनएक्स, म्हणजे बंदिस्त. बाहेरच्या नेटवर्कवर ६६६७ हा पोर्ट उघडा राहिला होता, पासवर्ड काहीच नव्हता. सुमारे १४ लाख गाड्यांना रिकॉल करावं लागलं. कोड खुला की बंद यापेक्षा स्क्रीन आणि ब्रेक एकमेकांपासून किती तोडलेले आहेत, हा प्रश्न जास्त मोठा.

सोर्स कोड मागायचा असेल तर

लिनक्स कर्नल जीपीएल २ या लायसन्सखाली येतो. तो ज्या वस्तूत विकला जातो, तिच्याबरोबर सोर्स कोड किंवा तो देण्याची लेखी हमी द्यावी लागते आणि ती हमी किमान तीन वर्षं चालते. लायसन्सच्या पानावर ईमेल किंवा पत्ता असतो. पत्रात गाडीचं मॉडेल, वर्ष, स्क्रीनच्या सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती आणि कोणत्या घटकांचा कोड हवा ते लिहा. ‘पूर्ण सोर्स, बिल्ड आणि इन्स्टॉल करण्याच्या स्क्रिप्टसह’ हे शब्द घाला. हे शब्द नसतील तर पुष्कळदा मूळ प्रकल्पाची झिप फाइल पाठवून बोळवण होते. तिच्यात कंपनीने केलेले बदल नसतात, म्हणजे तिचा उपयोग शून्य. कोड पाठवण्याच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त पैसे कंपनीला मागता येत नाहीत. दबाव टाकला की काम होतं, पण वेळ लागतो: सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर टेस्लाने २०१८ मध्ये कोडचा काही भाग प्रसिद्ध केला.

कोड हातात आला, तुम्ही बदलला, बिल्डही (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार) झाला, तरी गाडी तो स्वीकारणार नाही. युनिट सुरू होताना सॉफ्टवेअरवरची डिजिटल सही तपासतं आणि सहीची किल्ली कंपनीकडे असते. २००७ मध्ये आलेल्या जीपीएल ३ ने ग्राहकाला विकलेल्या वस्तूंसाठी नेमकी हीच पळवाट बंद केली: बदललेला कोड चालवायला लागणारी माहितीही द्या. म्हणूनच गाडी उद्योग जीपीएल ३ च्या सॉफ्टवेअरला चार हात लांब ठेवतो. आमच्या मते ही ओपन सोर्सची गाडीतली सगळ्यात मोठी हूल आहे. फायदा कंपनीला मिळतो, मालकाला मिळते ती लायसन्सची लांबलचक यादी. सहीच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे, तो नाकारू नये: सही नसती, तर पार्किंगमध्ये पाच मिनिटं मिळालेला माणूसही तुमच्या गाडीत काहीही घालून जाऊ शकला असता.

जिथे मालकाला खरा फायदा होतो: निदान

गाडीतली युनिटं आपसांत काय बोलतात ते ऐकणं, हे ओपन सोर्सचं गाडीतलं सगळ्यात पक्कं आणि सगळ्यात कमी जोखमीचं काम. हे बोलणं कॅन नावाच्या दोन वायरींच्या जोडीवर चालतं, तिला बस म्हणतात. ती ऐकण्याची सोय, सॉकेटकॅन, लिनक्समध्ये २००८ पासून आहे, ती मुळात फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाकडून आली. सोबत कॅन-युटिल्स नावाचा छोट्या कमांडचा संच मिळतो: कॅनडंप ऐकतो, कॅनसेंड पाठवतो, कॅनस्निफर बदललेले बाइट रंगवून दाखवतो, कॅनप्लेअर नोंदवलेलं पुन्हा वाजवतो.

लागणारं सामान थोडं: लिनक्सचा लॅपटॉप, यूएसबी-कॅन अडॅप्टर आणि ओबीडी प्लगची (गाडीच्या निदानाच्या सॉकेटची) वायर. अडॅप्टर घेताना कॅन्डललाइट फर्मवेअरवर चालणारा घ्या, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ईएलएम ३२७ च्या स्वस्त नकला फॉल्ट कोड वाचायला पुरतात. सगळी वाहतूक ऐकायला लावली की ‘बफर फुल’ म्हणून थांबतात. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर (पुढे नुसतं ‘पाय’) एमसीपी २५१५ या कॅन चिपचं छोटं बोर्ड लावणारे पुष्कळ जण एकाच ठिकाणी अडकतात. त्या बोर्डावर क्रिस्टल ८ मेगाहर्ट्झचा असतो किंवा १६ चा. कॉन्फिगरेशनमध्ये दुसराच आकडा लिहिला तर बिटरेट (सेकंदाला किती बिट) दुप्पट किंवा निम्मा होतो आणि स्क्रीनवर काहीच येत नाही. क्रिस्टलच्या चकचकीत डबीवर आकडा कोरलेला असतो, भिंग घेऊन वाचा. शिवाय त्याच बोर्डावरची टीजेए १०५० चिप ५ व्होल्टवर चालते आणि पायच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सहन करतात. सरळ जोडलं तर पाय जळू शकतो. एवढं सांभाळलं तरी एमसीपी २५१५ मध्ये येणाऱ्या फ्रेमसाठी, म्हणजे एकेका संदेशासाठी, जागा दोनच, त्यामुळे गर्दीच्या बसवर फ्रेम गळतात.

जोडण्याआधी मल्टिमीटर काढा. इग्निशन बंद करून काही मिनिटं थांबा, म्हणजे युनिटं झोपतील. मग ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. ६ म्हणजे कॅन-हाय, १४ म्हणजे कॅन-लो. सुमारे ६० ओहम आले तर दोन्ही टोकांचे १२० ओहमचे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आले तर एक गायब आहे. अडॅप्टर जोडल्यावर ४० दिसले तर अडॅप्टरवरचा टर्मिनेशनचा जंपर लागलेला आहे, तो काढा. गाडीला तिसरा रेझिस्टर नको असतो. १६ क्रमांकाच्या पिनेवर बॅटरीचा थेट सप्लाय असतो, इग्निशन बंद असतानाही. तिथे उघडी वायर लोंबू देऊ नका.

आता इंटरफेस सुरू करताना बिटरेट ५,००,००० ठेवा आणि ‘फक्त ऐका’ हा मोड चालू करा. हा मोड विसरू नये, कारण साध्या मोडमध्ये चुकीचा बिटरेट लागला तर तुमचा अडॅप्टर प्रत्येक फ्रेमवर चुकीची खूण टाकत राहतो. बाकीच्या युनिटांना वाटतं बसच बिघडली. डॅशबोर्डवर एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅगचे दिवे एकदम पेटतात. ऐकण्याच्या मोडमध्ये अडॅप्टर ना चूक दाखवतो, ना पोच देतो. याच कारणाने टेबलावर एकटंच सुटं युनिट ऐकायला गेलात तर काही नीट दिसत नाही: पोच देणारं कुणी नसल्याने ते युनिट तीच फ्रेम पुन्हा पुन्हा पाठवत बसतं. तिथे साधा मोड वापरा आणि दोन्ही टोकांना १२० ओहम लावा.

सगळं बरोबर असूनही शांतता असेल, तर बहुधा ओबीडी सॉकेटच्या मागे गेटवे आहे. नव्या गाड्यांत तो आतली वाहतूक बाहेर येऊ देत नाही, विचारलेल्या प्रश्नाला मात्र उत्तर देतो. मग साध्या मोडमध्ये येऊन ७डीएफ या पत्त्यावर ०२ ०१ ०सी आणि पुढे पाच शून्य बाइट पाठवा (हे आकडे हेक्स, म्हणजे १६ च्या पायावरचे). याचा अर्थ: पुढे दोन बाइट आहेत, चालू माहिती दे, आरपीएम सांग. इंजिन युनिट ७ई८ वरून उत्तर देईल, समजा ०४ ४१ ०सी १ए एफ८. शेवटचे दोन बाइट घ्या: १ए म्हणजे २६, एफ८ म्हणजे २४८. २६ गुणिले २५६ अधिक २४८, म्हणजे ६९०४. त्याला ४ ने भागा, आरपीएम १७२६. कूलंटचं तापमान ०५ या क्रमांकावर मिळतं, आलेल्या बाइटमधून ४० वजा करायचे. उत्तर आलंच नाही तर २५०,००० बिटरेट आणि २९ बिटांचे पत्ते करून बघा, काही गाड्या तशा बोलतात. जुन्या गाडीत कॅनच नसेल आणि ७ क्रमांकाच्या पिनेवर के-लाइन असेल, तर हा अडॅप्टर उपयोगाचा नाही.

दार उघडल्याचा संदेश कोणता, हे शोधायचं असेल तर कॅनस्निफर लावा, मिनिटभर काही न करता गडबड स्थिर होऊ द्या आणि मग एकच दार पाच-सहा वेळा उघड-बंद करा. त्याच तालात हलणारा बिट शोधा. एका वेळी एकच गोष्ट हलवा. आलेख पाहायला सॅव्हीकॅन चांगलं. ओपनडीबीसी या संग्रहात अनेक गाड्यांच्या संदेशांच्या व्याख्या आयत्या मिळतात. आपल्या गाडीच्या वर्षाशी जुळवूनच वापरा, त्याच मॉडेलच्या पुढच्या वर्षी बाइटांची जागा बदललेली असू शकते.

नोंदवलेली वाहतूक कॅनप्लेअरने चालत्या गाडीत परत सोडू नका. खऱ्या युनिटचे संदेश आणि तुमचे जुने संदेश एकाच पत्त्यावरून येतात, ऐकणारं युनिट दोन्ही खरे मानतं किंवा घाबरून सेफ मोडमध्ये जातं. सराव करायचा तर लिनक्समधला आभासी व्हीकॅन इंटरफेस घ्या आणि त्यावर आयसीसिम हा खुला सिम्युलेटर चालवा: काटा, दारं, इंडिकेटर सगळं स्क्रीनवर आहे, गाडीची गरज नाही.

स्क्रीन स्वतः बनवायची तर

जुन्या गाडीत रास्पबेरी पायवर क्रँकशाफ्टसारखं सॉफ्टवेअर टाकून स्क्रीन करता येते. नकाशांसाठी ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारं ऑसमअँड किंवा ऑर्गेनिक मॅप्स: नेट नसलं तरी चालतं आणि कंपनीने नकाशांचं अपडेट थांबवलं म्हणून अडत नाही. सॉफ्टवेअर फारसं त्रास देत नाही, त्रास देते वीज.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट आणि ३ अँपिअर लागतात. स्टार्टर फिरताना गाडीचे १२ व्होल्ट काही क्षण ६-७ पर्यंत खाली येतात. साधा कन्व्हर्टर तिथेच मान टाकतो आणि पाय रिस्टार्ट होतो. उलट चालू इंजिनात बॅटरीची वायर निखळली तर व्होल्टेज क्षणभर ३५ च्या वर उसळू शकतं. त्यामुळे ६ ते ४० व्होल्ट झेलणारा, गाडीसाठीच बनवलेला कन्व्हर्टर घ्या, त्यात इग्निशनची वेगळी वायर असावी: किल्ली बंद झाली की पायला बंद होण्याचा इशारा, तीस-चाळीस सेकंदांनी सप्लाय तोडणं. असं नसेल तर एसडी कार्ड लिहीत असताना वीज जाते आणि एक दिवस स्क्रीन काळीच राहते. रूट फाइलसिस्टिम रीड-ओन्ली करून ठेवली तर ही कटकट जवळपास संपते. फ्यूज बॅटरीच्या बाजूला, जिथून वीज घेतली तिथून वीतभर अंतरात.

थेट बॅटरीवर जोडून पाय चालूच ठेवला तर हिशेब असा: ०.४ अँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवस उभ्या गाडीत स्टार्टर फिरवण्याच्या लायकीची राहील का, याची खात्री नाही. उन्हात तापलेल्या डॅशबोर्डखाली ठेवलात तर पाय ८० अंशांना स्वतःचा वेग कमी करतो, नकाशा अडखळायला लागतो. ग्लव्ह बॉक्समागे, हवेला वाट ठेवून बसवा.

कंपनीची स्क्रीन काढण्याआधी बघा की तिच्यातून एसी, रिव्हर्स कॅमेरा किंवा पार्किंग सेन्सर चालतात का. चालत असतील तर ती राहू द्या.

इंजिन

कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवायचं असेल किंवा जुनं इंजिन युनिट मेलं असून मिळत नसेल, तर स्पीडुइनो आणि रसईएफआय हे दोन खुले प्रकल्प खरोखर चालतात. स्पीडुइनो आर्डुइनो मेगावर सुरू झाला, रसईएफआय एसटीएम ३२ वर. गंमत म्हणजे दोन्हींच्या ट्यूनिंगसाठी बहुतेक जण वापरतात ते ट्यूनरस्टुडिओ बंदिस्त आहे. मेगास्क्वर्टला लोक ओपन सोर्स म्हणतात, पण त्याच्या लायसन्सच्या अटी तशा नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ क्रँक सेन्सर (इंजिन कुठवर फिरलं ते सांगणारा) खातो. ३६-१ किंवा ६०-२ दातांचं (३६ पैकी १ किंवा ६० पैकी २ दात गाळलेलं) चाक असेल, तर सॉफ्टवेअरमध्ये तेच निवडा. चुंबकीय व्हीआर सेन्सरला कंडिशनर सर्किट लागतंच. त्याच्या दोन वायर उलट जोडल्या तर इंजिन सुरू होतं, पण वेग वाढला की टायमिंग सरकतं आणि सिंक सुटतो. वायर शील्डेड घ्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. सेन्सरची अर्थ वायर इग्निशन कॉइलच्या अर्थबरोबर बांधू नका, स्पार्कचा आवाज थेट वाचनात येतो.

इंजेक्टरचा रेझिस्टन्स मोजा. १२ ते १६ ओहमचे थेट चालतात; २-३ ओहमचे असतील तर सिरीजमध्ये रेझिस्टर किंवा वेगळा ड्रायव्हर हवा, नाहीतर बोर्डावरचे मॉस्फेट जळतात. पहिल्या स्टार्टआधी टायमिंग १० अंशांवर लॉक करून टायमिंग लाइटने पुलीवर तपासा. स्क्रीनवर १० दिसतात म्हणून इंजिनवर १० आहेत असं धरू नका. हवा-इंधनाचं मिश्रण दाखवणाऱ्या वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरशिवाय ट्यूनिंगला बसू नका. भार असताना मिश्रण पातळ राहिलं तर पिस्टन वितळेपर्यंत कानाला फारसं काही कळत नाही.

चालू गाडीच्या मूळ इंजिन युनिटमध्ये सॉफ्टवेअर लिहायचं असेल तर आधी मूळ फाइल वाचून दोन ठिकाणी ठेवा, बॅटरीला स्थिर १३ व्होल्टच्या वर देणारा सप्लाय लावा आणि लॅपटॉपची स्लीप बंद करा. मधेच व्होल्टेज पडलं की युनिट मेलं, मग ते उघडून बूट मोडमधून परत आणावं लागतं. प्रदूषण नियंत्रणाचा कोड बदलला तर गाडी रस्त्यावर चालवणं बहुतेक देशांत बेकायदा ठरतं. फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत प्रदूषण चाचणी ओळखून फसवणारा कोड सापडला, तेव्हा ओपन सोर्स का हवं याचं उदाहरण म्हणून ते सगळीकडे फिरलं. पण ती चोरी पकडली गेली ती रस्त्यावर धूर मोजून. कोड उघडा असता तर कुणी आपणहून वाचला असता, यावर आमचा फारसा विश्वास नाही.

स्टिअरिंग आणि ब्रेक

इथे नियम सोपा: स्वतः लिहिलेला किंवा कुणीतरी बदललेला कोड नको. ब्रेक आणि स्टिअरिंगच्या सॉफ्टवेअरला आयएसओ २६२६२ या सुरक्षा मानकात बहुधा एएसआयएल-डी ही सगळ्यात कडक पातळी लागू होते. प्रत्येक ओळ कोणत्या गरजेसाठी आहे आणि ती कशी तपासली, याची साखळी कागदावर दाखवावी लागते. लिनक्सची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि ती लिहिणारे हजारो. ही साखळी मागून जोडणं किती अवघड, हे २०१९ पासून त्यावरच काम करणाऱ्या एलिसा प्रकल्पाकडे बघून कळतं.

ओपनपायलट (स्टिअरिंग आणि वेग सांभाळायला चालकाला मदत करणारं सॉफ्टवेअर) हा अपवाद लोक पुढे करतात. २०१६ मध्ये कॉमा एआय या कंपनीने तो एमआयटी लायसन्सखाली खुला केला. त्यातली शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे रचना: गाडी चालवण्याचा सल्ला देणारं मोठं सॉफ्टवेअर वेगळं आणि स्टिअरिंगला किती जोर लावू द्यायचा याची मर्यादा पाळणारा छोटा सुरक्षा कोड पांडा नावाच्या उपकरणातल्या वेगळ्या चिपवर. वरचं सॉफ्टवेअर भरकटलं तरी मर्यादा खाली पाळली जाते. धोका येतो तो कुणी ‘वळणावर जास्त जोर’ म्हणून हाच छोटा कोड बदलून वाटतो तेव्हा. कोणताही फोर्क (दुसऱ्या कुणी बदललेली प्रत) घेण्याआधी मूळ प्रकल्पाशी सुरक्षा कोडची फाइल जुळवून पाहा; फरक दिसला तर तो फोर्क सोडून द्या. मूळ प्रकल्प वापरतानाही ही फक्त चालकाला मदत आहे: नजर रस्त्यावर आणि हात तयार. तुमची विमा कंपनी आणि वाहन नियम याला काय म्हणतात, ते लेखी विचारून घ्या. जवळपास प्रत्येक खुल्या लायसन्समध्ये ‘कोणतीही हमी नाही’ हे कलम असतं, म्हणजे अपघातानंतर जबाबदारी तुमच्याकडेच येते.

प्रकल्प निवडताना

लायसन्सची फाइल नसलेला कोड खुला नाही, नुसता दिसतो आहे. शेवटचा बदल कधीचा आहे ते बघा, आणि एकाच माणसावर सगळं चाललंय का तेही. तुमच्या गाडीचं मॉडेल-वर्ष ‘चालतं’ म्हणून लिहिलंय की ‘चालायला हवं’ म्हणून, हा फरक नीट वाचा. घेतलेली आवृत्ती, तिचा कमिट क्रमांक (कोडमधल्या नेमक्या बदलाची ओळख) आणि कोणती वायर कुठे जोडली, हे कागदावर लिहून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा, पुढच्या मेकॅनिकला लागेल.

गाडी सर्व्हिसला देताना ओबीडीतला अडॅप्टर काढून ठेवा, त्यांच्या स्कॅनरशी तो भांडतो. परत आणल्यावर सॉफ्टवेअर अपडेट झालंय का विचारा. झालं असेल तर आधी पुन्हा ‘फक्त ऐका’ मोडमध्ये नोंद घ्या आणि जुन्या नोंदीशी पत्ते जुळवून बघा. जुळले नाहीत तर जुन्या व्याख्यांवर काहीही पाठवू नका.